शंकासमाधान : सोबत कोणाची धरावी?

शंका : पाळकसाहेब, मी नगरकडच्या खेड्यातली, पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. नोकरी कराराची. वडील गेल्यापासून धाकट्या भावाचं शिक्षण माझ्यावर आहे. परदेशी जावं की इथंच राहावं, काही ठरत नाही. गावचं चर्च लांब पडलं, म्हणून इथं एका प्रार्थना सभेला जाते. तिथले सेवक म्हणतात, माझा विश्वास कमी आहे म्हणून मला देवाची योजना कळत नाही. 'विशेष अर्पण' दिलं तर ते माझ्यासाठी भविष्यवाणी करतील. खोलीतल्या दोघी मैत्रिणी हिंदू आहेत, त्यांची संगत सोड, असंही सांगतात. आता वाटतं, कुठंच जाऊ नये. मोबाइलवर प्रवचनं ऐकून एकटीनंच विश्वास टिकवावा. माझं चुकतंय का? — एक परिचारिका

समाधान : मुली, आधी त्या विशेष अर्पणाचं सांगतो. एक पैसाही देऊ नकोस. दशांश, उपकारस्तुतीचं अर्पण हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण पैसे घेऊन पुढचं सांगणं हा ज्योतिषाचा धंदा आहे, मग सांगणाऱ्याच्या हातात पंचांग असो की बायबल.

पुढचं कळत नाही म्हणजे विश्वास कमी, हे कोणी ठरवलं? लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय पुन्हा वाच. क्लयपा आणि त्याचा सोबती यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत. साधारण अकरा किलोमीटरची वाट. प्रभूच्या मरणानं आशा संपली, म्हणून पाय दुसरीकडे वळले आहेत. म्हणजे दिशाही चुकलेलीच. तरी पुन्हा उठलेला प्रभू, त्यांना न कळता, त्यांच्याबरोबर चालू लागतो. उद्या काय होणार हे तो सांगत नाही. आधी विचारतो, तुमचं काय बोलणं चाललंय? त्यांचं सगळं ऐकून घेतो. मग रागावतो, शास्त्र समजावतो. आणि ओळख पटते ती भाकर मोडताना. सोबत्याची पारख इथं आहे. तुझं ऐकून घ्यायच्या आधी जो तुझा विश्वास मोजतो, तो सोबती नव्हे.

आता माझी जुनी कुरकुर ऐकून घे. आपल्या आजी-आजोबांनी कुंडली सोडली, अंगारे-धुपारे सोडले, त्यापायी वाळीत पडले, विहिरीचं पाणी तोडलं गेलं तरी मागं फिरले नाहीत. त्यांची नातवंडं आज अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीसाठी रांग लावतात. फलकावर सेवकाचा फोटो क्रूसापेक्षा मोठा. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला सांगतात, हजार पेर, शंभरपट उगवेल. नाही उगवलं तर दोष तिच्या विश्वासाचा. आजार बरा झाला तर सेवकाचा वरदहस्त, नाही झाला तर रोग्याचं पाप! या व्यापारात सेवकाचं कधीच नुकसान होत नाही. भटजीच्या दक्षिणेवर आपण पिढ्यान्‌पिढ्या टीका केली. ती करणाऱ्या तोंडानं हे चालवून घेऊ नये.

पण मिशनच्या जुन्या मंडळ्या तरी कुठं निर्दोष आहेत? नवी मुलगी मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद झाल्यावर निघून जाते. तिला कोणी नाव विचारत नाही. पंचांच्या बैठका होतात त्या जागेच्या खटल्यांवर. मग माणूस भाड्याच्या हॉलातल्या प्रार्थना सभेला जाणारच. तिथं निदान 'कशी आहेस?' असं विचारतात. हे वाचणाऱ्या प्रत्येक पाळकानं येत्या रविवारी दारात उभं राहावं आणि अनोळखी चेहऱ्याला आधी भेटावं.

एकटीचं म्हणशील, तर मोबाइलवरचं प्रवचन ऐकायला हरकत नाही. पण तुला ताप आला तर ते पेज करून आणत नाही. अम्माऊसच्या दोघांनी प्रभूला ओळखलं आणि त्याच घटकेला, दिवस कलला असताना, उलट यरुशलेमला निघाले, बाकीच्यांना गाठायला. पुण्यात मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत. एक निवड, उपासनेनंतर थांब, आपणहून बोल.

मैत्रिणींची संगत मुळीच सोडू नकोस. रात्रपाळी करून आल्यावर तुझ्यासाठी ताट झाकून ठेवणारी मुलगी तुझ्या विश्वासाच्या आड येत नाही. तिच्याशी खरेपणानं वागणं हीच तुझी साक्ष.

परदेशाचं म्हणशील, तर प्रार्थना कर आणि चौकशीही कर. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये आणि वर जीएसटी. जास्त मागितले तर उठून ये. जाऊन आलेल्या एखाद्या नर्सशी तासभर बोलणं विकतच्या भविष्यवाणीपेक्षा मोलाचं आहे.

शंका : ख्रिस्ताच्या ओढीनं मी बाप्तिस्म्याचा विचार करतो आहे. पत्नीला मान्य नाही. तिनं बोलणं सोडलं आहे. ओळखीचे एक बंधू म्हणतात, प्रभूसाठी घर सोडावंच लागतं. — एक शिक्षक, सातारा

समाधान : कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळक दोन वर्षांत ख्रिस्ती होतील, असं भाकीतही त्यानं केलं होतं म्हणतात. पण टिळकांनी भाकितावर विसंबून काही केलं नाही, पुस्तक वाचून काढलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या. पुढची काही वर्षं त्या माउलीनं काय सोसलं, ते तिच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. टिळकांचा भक्तिभाव घ्यावा, पत्नीला मागं ठेवून केलेली ही घाई घेऊ नये.

मात्र टिळकांनी पुढं जे केलं ते जरूर घ्यावं. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा सोवळं-ओवळं पाळतच आल्या, आणि टिळकांनी ते पाळू दिलं. त्या बदलल्या त्या स्वतः विचार करून. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते पुरं करणारीही हीच बाई. आणि तुमच्याच साताऱ्यात १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' हा भक्तसमाज उभा केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली.

अम्माऊसच्या घरापाशी प्रभू पुढं जायला निघाला होता. आग्रह झाला तेव्हाच आत आला. त्यानं कोणाचं दार ढकललं नाही, तुम्हीही ढकलू नका. घर सोडायला सांगणाऱ्या बंधूंना विचारा, मुलांच्या फीची सोय ते करणार आहेत का? आधी पत्नीशी बोलणं सुरू करा. तिची भीती ऐका, तिला वेळ द्या. पाळकाकडे त्यानंतर जा; आणि शक्य झालं तर दोघं मिळून जा.