मांजरीच्या गाण्याची साथ

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा राहत होता. नाव फारुख बलसारा, पण मित्र त्याला फ्रेडी म्हणत. १९५८च्या सुमारास शाळेतल्या पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात तो होता. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. या पहिल्या बँडमध्ये मात्र गाणारा मुलगा वेगळा होता आणि फ्रेडी पियानोवर साथीला बसत असे.

पंचवीसेक वर्षं उलटली. ‘क्वीन’ हा त्याचा बँड भरगच्च स्टेडियममध्ये गात होता. लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या त्याच्या घरात मांजरांचं राज्य होतं. दौऱ्यावर असला की तो घरी फोन लावायचा आणि मांजरांशी बोलायचा. सगळ्यांत लाडकी होती ठिपक्याठिपक्यांची डिलायला. १९८७ साली त्याला एड्स झाल्याचं कळलं. दिवसेंदिवस अंगातली ताकद कमी होत चालली होती. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. बँडमधल्या तिघांना मात्र ठाऊक होतं.

‘इन्युएन्डो’ या अल्बमचं काम चालू असताना फ्रेडीने एक गाणं पुढे ठेवलं. ते डिलायलावर होतं. रडवेलं मन हसवणारी, रुसणारी, लाडात येणारी आणि वर किमती फर्निचरवर खुशाल मुतणारी मांजर! गाणं गमतीचं होतं आणि त्यात मांजरीचे आवाजही हवे होते.

ते काम गिटारवाल्या ब्रायन मेकडे आलं. त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घडवली होती. तिची मान एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडी चौकटीची. जगाला वेड लावणारे सूर त्याच गिटारीतून निघाले होते. आता तिच्यातून ‘म्याऊ’ काढायचं होतं. त्याने नाइलाजाने टॉक बॉक्स आणला. या यंत्रात गिटारचा आवाज एका नळीतून वाजवणाऱ्याच्या तोंडात सोडतात. तो ओठ, जीभ, गाल हलवून सुराला आकार देतो आणि समोरचा माइक तो टिपतो. तर एवढा नावाजलेला वादक तोंडात नळी धरून मांजर झाला!

ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरला तर हे गाणं मुळीच आवडलं नाही. पुढे त्याने ते उघड सांगितलंही. तरी गाणं अल्बममध्ये राहिलं. तेव्हा प्रत्येक गाणं चौघांच्या नावावर लावायचं असं त्यांचं ठरलेलं होतं. त्यामुळे ज्याला ते आवडत नव्हतं, त्याचंही नाव मांजरीच्या गाण्याला लागलं.

फेब्रुवारी १९९१मध्ये अल्बम बाहेर आला. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, वयाच्या ४५व्या वर्षी, फ्रेडी गेला. आजही ते गाणं लावलं की आपल्या मांजरीच्या खोड्या कौतुकाने सांगणारा फ्रेडी भेटतो आणि मागून ब्रायनची गिटार म्याऊ करते.

आपल्याकडे तबलजीला, पेटीवाल्याला साथीदार म्हणतात. गवई ज्या पट्टीत गाईल, त्या पट्टीत तबला लावून घ्यावा लागतो. तबलजीची आवडती पट्टी कुठली, हे तेव्हा कुणी विचारत नाही. पाचगणीत पियानोवर बसून फ्रेडीने दुसऱ्याला अशीच साथ दिली होती. अखेरच्या दिवसांत ती त्याला मित्रांकडून मिळाली.

आपल्या घरातलं दुखणाईत माणूसही कधी गोठ्यातल्या गाईबद्दल, कधी अंगणातल्या मांजराबद्दल तेच तेच बोलत बसतं. आपल्याला ते क्षुल्लक वाटतं, कंटाळा येतो. तेव्हा त्याचं बोलणं मध्येच तोडू नये. हातातलं काम ठेवून जवळ बसावं आणि आपला तबला त्याच्या पट्टीत लावून घ्यावा.

बोध : मित्राचं गाणं आपल्याला आवडलं नाही, तरी त्याला साथ देता येते.