मोत्यांची ओळ

भाच्याचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. मी दवाखाना बंद करून चार वर्षं झाली, पण पाटी अजून दारावर आहे : त्वचारोग व गुप्तरोग. पहिल्या शब्दासाठी माणसं सरळ आत यायची, दुसऱ्यासाठी गल्लीत दोन चकरा मारून. भाचा रात्री साडेनऊला आला, तोही चकरा मारूनच असावा. त्याने मोबाइल पुढे केला.

"मामा, फोटो बघ फक्त."

"फोटोवर मी निदान करत नाही. आत चल, दिव्याखाली."

दोन मिनिटांचं काम होतं. शिश्नमुंडाच्या कडेने एकसारखे, मिलिमीटरभर दाणे, दोन ओळींत, कुणी मोजून ओवल्यासारखे.

"हे वयात आल्यापासून असणार तुला. पर्ली पॅप्यूल्स म्हणतात. रोग नाही, लागण नाही, अस्वच्छताही नाही. चामखीळ अशी शिस्तीत उगवत नाही. ती कुठेही येते, वेडीवाकडी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, आणि वाढत जाते."

"आणि हे खालचे पिवळट ठिपके?"

"फॉरडाइस स्पॉट्स. केस नसलेल्या तैलग्रंथी. ओठ उलटून बघ, कदाचित तिथेही सापडतील. फॉरडाइस या अमेरिकन डॉक्टरने 1896 मध्ये त्यांचं वर्णन केलं. यातल्या कशालाच औषध लागत नाही."

(भिंतींवरच्या जाहिराती वाचून हेच दाणे ॲसिडने जाळून घेतलेली मुलं माझ्याकडे यायची. उपचार मग व्रणावर करावे लागत. बायकांनाही योनिमुखाशी असे मऊ दाणे असतात, प्रत्येकाचं बूड वेगळं. तेही चामखीळ समजून जाळले जातात.)

"सुटलो," तो म्हणाला. "म्हणजे तिला सांगण्यासारखं काही नाही."

"या दाण्यांबद्दल? काही नाही."

तो शर्ट खोचता खोचता थांबला. "बंगळुरूचं तुला कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता."

"दोन वर्षं झाली त्याला. आणि दाणे तर निर्दोष निघाले ना?"

"दाणे निघाले. तुझी तपासणी अजून झालेलीच नाही. सिफिलिसचा व्रण दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, औषध न घेता काही आठवड्यांत बुजतो, आणि जंतू अंगात राहतात. एचआयव्ही तर वर्षानुवर्षं कातडीवर काहीच दाखवत नाही."

"मग मी तपासतच नाही. जे मला कळलंच नाही, ते मी लपवलं असं कुणी कसं म्हणेल?"

हा मुद्दा माझ्यापुढे पूर्वीही अनेकांनी मांडला होता, पण इतका नीट नाही. म्हणून मीही बसलो.

"दूध नासलंय हे माहीत नसणं एक. आणि वास येईल म्हणून झाकण अर्धवटच सरकवून ते पाहुण्याच्या चहात ओतणं दुसरं. तुला शंका आहे, म्हणून तर तू आलास. शंका आली की न कळण्याची सवलत संपली."

"नासलेलं निघालं तर लग्न मोडेल."

"मोडेलही. पण सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो, आणि एचआयव्ही आता गोळ्यांवर आटोक्यात राहतो."

"तसं निघालं आणि मी गप्प बसलो, तर तू सांगशील तिला? डॉक्टर म्हणून?"

"हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. रुग्णालयाने एचआयव्हीची गोष्ट उघड केली, एकाचं लग्न मोडलं, त्याने दावा लावला. 1998 मध्ये न्यायालय म्हणालं, होणाऱ्या बायकोच्या जिवापुढे गुप्तता टिकत नाही. त्याच निकालात त्याच्या लग्नाच्या हक्कावरही बरंच बोललं गेलं. ते अनावश्यक होतं असं 2002 मध्ये न्यायालयानेच म्हटलं. पण तुझं प्रकरण माझ्यापर्यंत यावंच कशाला? तोंड तुझ्याकडे आहे."

"आणि रिपोर्ट चांगला आला तर? तरी बंगळुरू सांगायचं?"

इथे मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. रिपोर्ट चांगला आला की ती गोष्ट रोगाची उरत नाही, त्याची स्वतःची होते. तिच्यावर डॉक्टरचा हक्क नाही. मी तसं सांगितलं, आणि विचारलं, "तिलाही तपासून घ्यायला सांगशील?"

"छे! ती तसली नाही."

"म्हणजे तू तसला आहेस का?"

तो बराच वेळ पाटीच्या उलट्या बाजूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोघांनी मिळून करू म्हणतो. लग्नाआधी सगळेच करतात, असं सांगेन."

"सगळे करत नाहीत. तेवढं खोटं कशाला? आणि सगळं स्वच्छ असल्याचा शिक्का कुणालाच मिळत नाही. चामखीळवाल्या एचपीव्हीसाठी पुरुषांची नेहमीची रक्ततपासणीच नाही."

"मग काय काय करायचं?"

"सिफिलिससाठी व्हीडीआरएल, मग एचआयव्ही, हेपेटायटिस बी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते. उपाशीपोटी जावं लागत नाही."