बदलाचा खर्च कोणाच्या माथी?

कराड स्टेशनवर गाडीतून उतरलो की खरे तर आपण ओगलेवाडीत पाय ठेवतो. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला, त्यावरून हे नाव. तिथला प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरी खुंटीला असायचा. त्याची काच राखेने पुसण्याचे काम बहुधा मुलांच्या वाट्याला येई. पुढे गावोगाव वीज आली. ते चांगलेच झाले, त्याबद्दल कोणी रडणार नाही. पण कंदिलाची मागणी आटत गेली आणि आज तो कारखाना राहिलेला नाही.

याच मार्गावर सांगलीच्या बाजूला किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि आपल्याला रंगांतला फरक नीट दिसत नाही हे त्यांना तिथे कळले. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावला सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, म्हणून पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. बेळगावची जागाही सोडावी लागली. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना पुन्हा उभा राहिला.

अशा गोष्टी सांगून ‘बदला, नाहीतर संपाल’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण लक्ष्मणरावांच्या या सुरुवातीच्या बदलांत पहिली झळ त्यांनी स्वतः सोसली, हे आपण विसरतो.

आज तासवडे एमआयडीसीतला एखादा छोटा कारखानदार घ्या. सीएनसी मशीन घेतले नाही तर पुढची ऑर्डर जाणार. घेतले, तर त्याच्या वडिलांच्या काळापासून लेथवर उभ्या असलेल्या पंचावन्न वर्षांच्या टर्नरचे काय? मालक भला असेल तर निर्णय पुढे ढकलतो. त्याला वाटते, आपण दया करतो आहोत. आम्हाला तसे वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी ऑर्डर तुटते तेव्हा टर्नरला शिकवायला पैसा नसतो आणि वेळही नसतो. मग सगळेच घरी बसतात. दया म्हणून आपण पुष्कळदा आपली भीतीच मिरवतो.

उलट, मशीन आले त्याच दिवशी माणसाला हिशेबातून काढणारेही आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम दिला. त्याचा अर्थ यंत्र घेऊ नका असा नाही. टर्नर नवे काम शिकेल त्या सहा महिन्यांचा पगार मशीनच्याच किमतीत धरावा, बँकेत कर्ज मागतानाच धरावा, असा अर्थ आम्ही लावतो. मशीन महाग पडेल, हे खरे.

आणि तो शिकलाच नाही तर? होते असे. नजर अधू झालेली, स्क्रीनची धास्ती. पण मालावर बोट फिरवून सूतभर फरक सांगणारा माणूस तपासणीच्या टेबलावर बसू शकतो. तो तयार आहे का, हे विचारायला मालकाने केबिनमधून उठून त्याच्या लेथपाशी जायला हवे, आणि तेही मशीनची ऑर्डर देण्याआधी.