हार कोणाच्या मालकीची?

‘नुरा कुस्ती’ हा शब्द आखाड्याच्या मातीतला. पण तो राजकारणापर्यंत सगळीकडे चालू लागला आहे. आज कोणी कोणाला चीत करायचे हे दोन पहिलवानांनी आधीच ठरवून घ्यायचे आणि मग लोकांसमोर घाम गाळायचा, यालाच नुरा कुस्ती म्हणतात. सुगावा लागला की प्रेक्षक खवळतात; आपले पैसे लुबाडले गेले, असे म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु ठरवून हरण्यात जी सर्वांत मोठी चोरी होते ती प्रेक्षकाची होत नाही, असे मला वाटते. मग ती कोणाची? या प्रश्नाचा उलगडा करायला आपल्या मातीतली कुस्ती सोडून थोडे दूर, अमेरिकेतल्या मुष्टियुद्धाच्या रिंगणात जावे लागेल.

14 नोव्हेंबर 1947. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठरा हजारांहून अधिक माणसे जमली होती. एका बाजूला जेक लामोटा. ब्राँक्सच्या गरीब वस्तीत वाढलेला, ठोसे खाऊनही पुढेच सरकणारा गडी. शुगर रे रॉबिन्सन या अव्वल योद्ध्याला 1943 साली पहिला पराभव दाखवणारा तो हाच. समोर बिली फॉक्स नावाचा तरुण कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. लढतीपूर्वीच सट्टेबाजारात फॉक्सच्या बाजूने पैशाचा असा लोंढा आला की जाणकारांनी कान टवकारले. चौथ्या फेरीत लामोटा दोरांना टेकून, हात न उगारता मार खात राहिला आणि पंचांनी लढत थांबवली. विशेष असे की तो खाली पडला नाही. हरायचे कबूल केले होते, पण जमिनीला पाठ टेकवायला मन राजी झाले नसावे. चौकशी झाली. शरीराची दुखापत लपवली, एवढ्या सबबीवर त्याला हजार डॉलर दंड आणि सात महिने बंदी झाली. 1949 साली त्याला अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी मिळाली आणि मार्सेल सेरदाँला हरवून तो मध्यम वजनी गटाचा जगज्जेता झाला. पुढे 1960 साली सीनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे त्याने शपथेवर सांगून टाकले की फॉक्सशी झालेली लढत मी मुद्दाम हरलो. त्या हरण्याच्या मोबदल्यात मला अजिंक्यपदाची लढत हवी होती. शिवाय त्या लढतीसाठी वीस हजार डॉलर मोजले, तेही त्याने सांगितले.

ही संधी देणारा होता तरी कोण? फ्रँकी कार्बो नावाचा एक गुन्हेगार. खुनाच्या आरोपांखाली अनेकदा पकडला गेलेला. मुष्टियुद्धाच्या कोणत्याही करारावर त्याची सही नसे. लोक त्याला ‘मिस्टर ग्रे’ म्हणत. नाव घ्यायचीही चोरी. फिलाडेल्फियाचा ब्लिंकी पालेर्मो हा त्याचा उजवा हात, आणि हाच पालेर्मो बिली फॉक्सचा व्यवस्थापक होता. कारभार सरळ होता. मुष्टियोद्ध्याला लढत मिळते ती व्यवस्थापकामार्फत, आणि व्यवस्थापकाला ती देतो सामने भरवणारा. या दोघांना मुठीत धरले की ठोसे मारणाऱ्या मुठी आपोआप ताब्यात येतात. 1949 साली जेम्स नॉरिस या धनाढ्याची इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब ही संस्था निघाली. 1949 ते 1953 या काळात अमेरिकेत अजिंक्यपदाच्या 44 लढती झाल्या. त्यांतल्या 36 या एका संस्थेने भरवल्या. नॉरिस आणि कार्बो यांचे सूत जुळलेले होते. तिकडे दूरचित्रवाणी घरोघर पोचली होती आणि शुक्रवारी रात्री लाखो कुटुंबे दिवाणखान्यात बसून या लढती पाहात होती. पडद्यावर दोन माणसे दिसत. तिसरा दिसत नसे.

आता नीतीचा प्रश्न. लामोटाला दोष द्यावा काय? त्याची बाजू अगदी टाकाऊ नाही. वर्षानुवर्षे तो लायक होता, आणि दार बंद होते. मला इथे कर्ण आठवतो. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर तो धनुष्य घेऊन उभा राहिला तेव्हा त्याचे कौशल्य कोणी विचारले नाही, कुळ विचारले. दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले, दार उघडले, आणि त्या एका उपकाराने त्याला जन्माचा विकत घेतला. दाराची किल्ली चुकीच्या हातात असली की गुणी माणसाला गुण दाखवण्यासाठीच मिंधे व्हावे लागते. लामोटा म्हणेल, ‘एकदा खोटे हरलो, ते खरे जिंकता यावे म्हणून.’ आणि सेरदाँवरचा विजय खराच होता, हे कोण नाकारील?

पण त्याच काळात, त्याच पालेर्मोच्या हाताखाली आणखी एक माणूस होता. आइक विल्यम्स, हलक्या वजनाचा जगज्जेता. पहिल्या व्यवस्थापकाशी त्याचे बिनसले, तेव्हा व्यवस्थापकांच्या संघाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. त्याला लढतीच मिळेनात. पालेर्मोने मध्यस्थी केली आणि बहिष्कार उठला. किंमत काय? आपल्या मोठ्या लढतींची कमाई पालेर्मोने परस्पर गिळल्याचे विल्यम्सने समितीपुढे सांगितले. हरण्यासाठी लाच देऊ केली गेली, हेही सांगितले. ती मात्र त्याने घेतली नाही. 1951 साली जिमी कार्टरकडून तो हरला, अजिंक्यपद गेले. पण ते चौदाव्या फेरीपर्यंत झुंजून गेले.

विल्यम्सही त्याच दारातून आत गेला होता. मग या दोघांत फरक कोणता? मला तो असा दिसतो. विल्यम्सचे जे गेले ते त्याचे स्वतःचे होते. पैसा आपला असतो. तो देता येतो, लुटलाही जातो. लामोटाने मोजलेले वीस हजार डॉलरही असेच होते. हार मात्र एकट्याची मालमत्ता नाही. ती दोघांची मिळून असते. आपण ती विकायला काढतो तेव्हा समोरच्याचा अर्धा हिस्सा त्याला न विचारता विकतो.

पाडव्याच्या दिवशी सोंगट्यांचा पट मांडला जातो. आजोबा नातवाला जिंकू देतात. नातू नाचतो, घर डोक्यावर घेतो. आणि कोणी तरी हसून बोलून जाते, ‘अरे, आजोबा मुद्दाम हरले.’ क्षणात त्याचा चेहरा उतरतो. आजोबांचे प्रेम खरे होते, सोंगट्याही त्याच होत्या. तरी आपले काही तरी काढून घेतले गेले, हे त्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. जिथे प्रेमाने दिलेली हारसुद्धा एवढी टोचते, तिथे धंद्यासाठी दिलेली हार काय करील?

ते बिली फॉक्सला विचारावे. लामोटावर मात करणारा म्हणून त्याचे नाव झाले. चार महिनेही झाले नव्हते. 5 मार्च 1948 रोजी तो गस लेस्नेव्हिचसमोर अजिंक्यपदासाठी उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत कोसळला. खरी हार माणसाला सांगते, ‘इथपर्यंतच तुझे बळ, पुढे जपून.’ ती त्याची राखणदारीण असते. लामोटासमोर फॉक्सला ती भेटलीच नाही. खोट्या विजयाने त्याला झेपणार नाही अशा ठोशांपुढे नेऊन उभे केले. आणि त्याला कटाची माहिती होती असे धरले काय, नव्हती असे धरले काय, परिणाम एकच. त्या रात्रीनंतर आपल्या कोणत्याही जुन्या विजयाकडे त्याला निःशंक मनाने पाहता येणे शक्य नव्हते. सर्वांत मोठी चोरी प्रेक्षकाची नव्हे म्हणालो, ते यासाठी. ती जिंकणाऱ्याची होते.

ही सत्ता मोडली कशी? 1959 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉरिसच्या संस्थेची मक्तेदारी मोडण्याचा हुकूम कायम केला. पण कार्बोला खरा हादरा बसला तो लॉस एंजेलिसमध्ये. डॉन जॉर्डन या जगज्जेत्याच्या मिळकतीत त्याने वाटा मागितला. जॉर्डनचा व्यवस्थापक डॉन नेसेथ आणि सामने भरवणारा जॅकी लेनर्ड या दोघांनी धमक्यांना न जुमानता नकार दिला, आणि तो नकार न्यायालयात उभे राहून सांगितला. 1961 साली कार्बो आणि पालेर्मो दोषी ठरले. कार्बोला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, पालेर्मोला पंधरा. न्यायालये, समित्या, कायदे सगळे हवेतच. पण त्यांना हात घालायला जागा मिळाली ती आतल्याच दोन माणसांच्या ‘नाही’मुळे.

आपण कोणी रिंगणात उतरणारे नव्हे. तरी चिठ्ठी आली म्हणून कच्च्या विद्यार्थ्याला गुण वाढवून देणारा परीक्षक, ओळखीपायी नापसंत कवितेची वाहवा करणारा संपादक, ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. आपण फार तर थोडे उदार झालो, अशी त्यांची समजूत असते. पण ज्याच्यावर ही उदारता झाली त्याला स्वतःच्या बळाचा अंदाज घेण्याची एक संधी होती, ती त्यांनी परस्पर देऊन टाकलेली असते. पुढे एखाद्या लेस्नेव्हिचशी गाठ पडते तेव्हा उभे त्यालाच राहावे लागते. चिठ्ठी पाठवणारा तिथे नसतो.