कॉटवरच्या विद्यार्थ्याचा पत्ता

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातले सराटी नीरेच्या काठी आहे. नदी ओलांडली की अकलूज, म्हणजे सोलापूर जिल्हा. पुण्यात सदाशिव पेठेत एकाच खोलीत शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोघांपैकी एक सराटीचा आणि दुसरा अकलूजचा असेल, तर कोविडच्या साथीत, 2020च्या पावसाळ्यात त्यांचे नियम वेगळे होते. जिल्ह्याच्या आत बहुतेक काळ विनापास जाता येई. हद्द ओलांडायला मात्र ई-पास लागे. ती अट 2 सप्टेंबरला उठली.

साथीत रेषा कुठेतरी आखावीच लागते. तक्रार रेषेची नाही, ती आखताना डोळ्यांसमोर कोण होते याची आहे. ‘घरीच थांबा’ हा आदेश ज्याच्यासाठी लिहिला, त्याला स्वयंपाकघर होते, निदान एक रिकामी खोली होती. कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरते भाडे देऊन राहणाऱ्याचे जेवण मेसमध्ये, अभ्यास अभ्यासिकेत, आणि खोली केवळ पाठ टेकायला. मार्च 2020मध्ये मेस आणि अभ्यासिका बंद झाल्या. कागदावर तो तरीही ‘घरी’च होता. मोफत तांदूळ आला तो शिधापत्रिकेवर, आणि त्याचे नाव असलेली शिधापत्रिका बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या गावात होती.

केंद्रीय गृह मंत्रालयाचा 29 मार्च 2020चा आदेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये, ही सवलत कामगारांसाठी. विद्यार्थ्यांचा उल्लेख पुढच्या वाक्यात: त्यांना खोली सोडायला भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई होईल. म्हणजे हाकलायचे नाही, भाडे मात्र चालू. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिलला घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितले. माफ करायला नव्हे. गावी गेलेल्या मुलांची पुस्तके पेठेतल्या खोलीत, आणि त्या पुस्तकांचे भाडे ऊस किंवा दुधाच्या पैशातून, असा तो हिशेब झाला.

गावी तरी सुख होते का? एप्रिलमध्ये बारामती शहर राजस्थानातल्या भीलवाड्याच्या धर्तीवर, ‘भीलवाडा पॅटर्न’खाली पूर्ण बंद झाले होते. गावोगावी बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा रानातल्या वस्तीवर ठेवले जाई. ‘पुण्याहून आलाय’ एवढे पुरे होते. गावकऱ्यांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. पुण्यातली रुग्णसंख्या ते रोज टीव्हीवर पाहत होते, आणि घराघरांत म्हातारी माणसे होती. पण शहराने ज्याला गावचा मानले, त्याला गावाने शहरातला मानले.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020ला होती. ती पुढे ढकलली गेली आणि ढकललीच जात राहिली. मध्यंतरी आयोगाने एक समंजस पाऊल उचलले: पुणे केंद्र निवडलेल्या, पण पुणे महसूल विभागाबाहेर राहणाऱ्या उमेदवारांना आपल्या विभागाच्या मुख्यालयाचे केंद्र घेता येईल. नांदेडच्या मुलाला औरंगाबाद मिळाले. इंदापूरच्या मुलाचे विभागीय मुख्यालय पुणेच! सुमारे 135 किलोमीटर दूर असूनही नियमाच्या लेखी तो पुण्यातलाच राहिला. नकाशावर न्याय्य दिसणारी सवलत एसटीच्या वेळापत्रकात कशी दिसते, हे बहुधा कुणी पाहिले नाही.

11 मार्च 2021ला, तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुन्हा लांबवल्याचे जाहीर झाले आणि नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुले बसली. तेव्हा अभ्यासिका निम्म्या क्षमतेने चालू होत्या. गर्दी टाळण्यासाठी परीक्षा लांबवली आणि त्यातूनच रस्त्यावर गर्दी झाली. अखेर परीक्षा 21 मार्चला झाली. पण 3 एप्रिलपासून पुण्यात संध्याकाळी सहानंतर संचारबंदी आली, आणि आयोगाचीच दुसरी, संयुक्त पूर्वपरीक्षा 11 एप्रिलऐवजी 4 सप्टेंबरला झाली.

अभ्यासिका आणि मेस यांना किराणा दुकानाइतके आवश्यक मानले असते, ठरावीक अंतर आणि ठरावीक माणसे ठेवून, तर विषाणूला फार मोठे दार उघडले नसते. ते झाले नाही. लांबलेल्या परीक्षांसाठी मात्र सरकारला भरपाई सुचली. 17 डिसेंबर 2021च्या निर्णयाने, 1 मार्च 2020पासून त्या दिवसापर्यंत वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना परीक्षेची एक जादा संधी मिळाली. त्यांना अर्ज करता यावा म्हणून 2 जानेवारी 2022ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 23 जानेवारीवर गेली, आणि पेठांतल्या खोल्यांच्या भाड्याचे आणखी तीन आठवडे वाढले.