अडीचशे रुपयांचे निसर्गचित्र

संग्रह करणाऱ्या माणसाला अपरिग्रहाची आठवण सगळेच करून देतात. “इतकी चित्रे घेऊन काय करणार?” हा प्रश्न मी वीस वर्षे ऐकतो आहे. पण पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अपरिग्रहाच्या आधी अस्तेय येते. माझी खरी अडचण तिथे आहे, हे मला उशिरा कळले.

मी जुनी निसर्गचित्रे जमवतो. नामवंतांची नव्हेत, ती परवडतही नाहीत. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथे शिकलेले कित्येक जण पुढे गावोगावच्या शाळांत ड्रॉइंग मास्तर झाले. मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायची आणि सुटी लागली की रंगपेटी घेऊन नदीकाठ गाठायचा. एखादे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात लागले तर लागले. बाकीची नातेवाइकांच्या भिंतीवर, मग माळ्यावर, शेवटी रद्दीत.

असेच एक मला पुण्याच्या जुन्या बाजारात दिसले. मेणवलीचा घाट, जलरंगात. पायऱ्यांचे पाण्यातले प्रतिबिंब कागद ओला असतानाच एका दमात उतरवलेले. असा हात वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. विक्रेत्याने तीनशे रुपये सांगितले, तेही सागवानी चौकटीकडे बघून. मला चित्राची किंमत कळली होती, त्याला नव्हती. मी गप्प राहिलो. इतकेच नव्हे, सवयीने घासाघीस करून अडीचशेवर आणले.

त्या रात्री मी स्वतःला बरेच काही समजावले. त्यानेही ते रद्दीच्या भावातच घेतले असणार. मी घेतले नसते तर काच-चौकट विकली जाऊन कागद फेकला गेला असता. मी ते वाचवले. हे सगळे खरे आहे आणि घोळ तिथेच आहे. खोट्या सबबीला मन लवकर ओळखते. खऱ्या गोष्टीची सबब केली की वर्षे निघून जातात. एखाद्या अडाणी शेतकऱ्याची जमीन कोणी अशी घेतली असती, तर मी त्याला काय म्हटले असते?

पुढच्या रविवारी जाऊन मी विक्रेत्याला आणखी पैसे दिले. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे पाहिले, आणि घेतले. मला वाटले, सुटलो.

मग मागचा पुठ्ठा काढला. असल्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो, म्हणून तो बदलावाच लागतो. मागे पेन्सिलीने नाव, शाळा आणि गाव लिहिलेले होते. चोरी असलीच, तर ती एकट्या विक्रेत्याची नव्हती.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी शाहू महाराजांच्या निधनानंतर आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात. ज्याने रंगवली त्याला ती सोडता आली. मी तर एक रेघही ओढलेली नाही.

शाळेकडून पत्ता काढत मास्तरांच्या नातीपर्यंत पोहोचलो. घरात आजोबांचे एकही चित्र उरले नाही, असे त्या फोनवर म्हणाल्या. वाडा पडला तेव्हा सगळे भंगारवाल्याने नेले. मी लगेच छायाचित्र पाठवले. चित्रच पाठवतो, हे शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन थांबले. त्यांनी सहज विचारले, “कितीला मिळाले हो तुम्हाला?”

“अडीचशे,” मी म्हणालो. नंतर दिलेल्या पैशांचे सांगावेसे वाटले नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “घाटाच्या डावीकडे एक बाई बसलीय ना, ती आमची आजी असेल. ती नेहमी सोबत जायची.”

इतकी वर्षे चित्रे पाहतो, पण ती आकृती मी केवळ रचनेचा तोल साधायला घातलेली समजलो होतो.

पुढच्या महिन्यात त्या पुण्याला येणार आहेत. चित्र अजून भिंतीवर आहे. नवा पुठ्ठा लावला आहे, चौकट मात्र मागून खिळे न ठोकता तशीच ठेवली आहे.