वाट पाहायला लावणाऱ्याचा धर्म

मावळातल्या आंबी गावच्या एखाद्या घरची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली की दवाखाना कोणता, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तळेगावात लहानमोठी प्रसूतिगृहं आहेत, कान्हे फाट्याला सरकारी रुग्णालय आहे, गुंतागुंत झालीच तर पिंपरीचं वायसीएम आणि त्याही पुढे ससून. एमआयडीसीच्या कंटेनरांमधून गाडी एकदा बाहेर पडली की झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. आजीच्या काळी बाईला वेळेवर पोचण्याची काळजी असे. नात पोचते आणि तिथे जाऊन थांबते. विशेषतः कळा आपणहून न येता औषधाने आणायच्या ठरतात तेव्हा हे थांबणं दिवसाचं, दीड दिवसाचं, कधी दोन दिवसांचंही होतं. सकाळी बोलावलेल्या बाईला दुपारपर्यंत खाट मिळत नाही, खाट मिळाली तर डॉक्टर सिझरमध्ये अडकलेले असतात, जेल ठेवलं तर पुढची तपासणी काही तासांनी. प्रत्येक टप्प्यावर तिला ऐकवलं जातं ते एकच : धीर धर, सगळं देवाच्या हातात आहे. धीर हा सद्गुण आहे याबद्दल आपल्या परंपरेत दुमत नाही. पण या प्रसंगी तो मागायचा कोणाकडे? माझ्या मते इथे दोन वेगळे विलंब एकाच उपदेशाखाली झाकले जातात. एक देहाचा आणि एक व्यवस्थेचा. देहाच्या विलंबापुढे धीर धरावाच लागतो. व्यवस्थेच्या विलंबाचं मात्र कारण सांगावं लागतं, आणि ते सांगण्याची जबाबदारी खाटेवरच्या बाईची नसते.

देहाचा विलंब आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण निम्मी घालमेल तो माहीत नसल्यामुळे होते. गर्भपिशवीचं तोंड घट्ट आणि लांब असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. त्यासाठी जेल ठेवतात, किंवा मिसोप्रोस्टॉलची अगदी छोटी मात्रा ठरावीक अंतराने देतात, किंवा फोलीचा फुगा रात्रभर ठेवतात. त्यानंतर ऑक्सिटोसिनचं सलाईन. सिस्टर नळीवरचं चाक अंगठ्याने किंचित सरकवते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थेंब मोजते, पोटावरच्या पट्ट्यातून येणारे बाळाचे ठोके ऐकते आणि मगच थेंब वाढवायचे की आहेत तसेच ठेवायचे हे ठरतं. ही गती मुद्दाम संथ असते. घाई केली तर कळा एकावर एक चढतात आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला आणि पुढे तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब जगभरच्या लेबर रूममध्ये रुळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात तो हिशेब सर्व बायकांना लावणं अवास्तव असल्याचं सांगितलं आणि वेगाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला. त्याआधीच्या संथ टप्प्याला ठरावीक मुदतच नाही, असंही त्यात म्हटलं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्येच सांगून ठेवलं होतं की आई आणि बाळ ठीक असतील तर कळा आणताना हा पहिला टप्पा चोवीस तास किंवा त्याहून जास्त चालू द्यावा, पिशवी फुटल्यावर निदान बारा ते अठरा तास ऑक्सिटोसिन देऊन पाहावं, आणि मगच प्रयत्न फसला असं म्हणावं. म्हणजे ‘काल सकाळी जेल ठेवलं, अजून काही नाही’ हे वाक्य बाहेरच्या बाकावर कितीही भयंकर वाटलं तरी अनेकदा ते सगळं ठीक चालल्याचंच लक्षण असतं. इथे उतावळे नातेवाईक ‘सिझर करून टाका ना एकदाचं’ म्हणतात, तेव्हा त्या बाईचं हित त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं.

दुसऱ्या विलंबाला नाव दिलं सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी. १९९४ च्या त्यांच्या लेखात बाळंतिणी का दगावतात याची तीन प्रकारच्या विलंबांत मांडणी आहे : घरात निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपण पहिल्या दोन्हींवर बरंच काम केलं. आशाताई आल्या, १०८ ची गाडी आली, २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आले. तिसरा विलंब मात्र भिंतींच्या आत असतो, म्हणून तो बाहेरून दिसत नाही. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून यायचे आहेत, रक्त आणायला माणूस गेला आहे, पाळी बदलली आणि नव्या सिस्टरला जुन्या सिस्टरने काही सांगितलंच नाही. यातलं काहीही देहाच्या स्वभावातून आलेलं नाही. तरीही बाहेर येणारा निरोप देहाच्या विलंबासाठी असतो तोच : थांबा, वेळ लागतो.

इथे धर्माची भाषा नको तितकी कामी येते. प्रारब्ध म्हटलं की भूलतज्ज्ञाची गाडी चुकली हेही प्रारब्धात जमा होतं. पण ज्या ग्रंथांचा आधार घेतला जातो ते असं म्हणत नाहीत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. दैव पाचवं आहे. आधीची चार आपापल्या जागी नसताना पाचव्याकडे बोट दाखवणं ही भक्ती नव्हे, तो हिशेबातला घोटाळा आहे. लोकश्रद्धाही याबाबतीत चोख आहे. सटवाई कपाळावर लिहायला येते ती पाचव्या रात्री, बाळ जन्मल्यावर. लेबर रूममध्ये नशीब लिहून ठेवण्याचं काम आपल्या आज्यांनीही तिला दिलं नव्हतं. तितिक्षेचंही तसंच. शीत-उष्ण, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोस, असं दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितलं आहे खरं. पण ते सांगणारा उपदेश करून निघून गेला नाही, अखेरपर्यंत घोड्यांचे लगाम धरून तिथेच बसला. सोसायला सांगण्याचा अधिकार त्या बसण्यातून येतो, असं मला वाटतं.

मराठी माणसाला वाट पाहण्याचं तत्त्वज्ञान शिकायला लांब जावं लागत नाही. आंबीशेजारून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला आणि आळंदीला जाते, आणि तिथून दर आषाढीला लाखो माणसं ज्याच्याकडे निघतात तो देवच मुळी वाट पाहत उभा आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, देव दारात आला, पुंडलिकाने हातातलं काम सोडलं नाही. त्याने एक वीट मागे सरकवली आणि तिच्यावर उभं राहायला सांगितलं. परंपरेच्या मोजणीने या उभं राहण्याला अठ्ठावीस युगं झाली. या कथेत आपण एरवी देवाचं कौतुक करतो किंवा पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीचं. मला तिच्यातला तिसरा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो : ज्याला थांबायला लावायचं त्याला कारण दिसलं पाहिजे आणि उभं राहायला जागा मिळाली पाहिजे. पुंडलिकाचं कारण देवाला डोळ्यांनी दिसत होतं. आणि वीट ही किती साधी वस्तू! पण ती दिल्यामुळे थांबणं हा अपमान झाला नाही.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप रास्त आहे. पाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर, आणि त्याच वेळी कोणाला रक्तस्राव सुरू झाला, कोणाला झटके आले, तर कळा आणण्यासाठी दाखल झालेली बाई मागे राहणारच. राहिलीच पाहिजे. जिचा जीव धोक्यात आहे तिला आधी हात, यात अन्याय काही नाही; पुंडलिकानेही आधी कोण हे ठरवूनच देवाला थांबवलं होतं. म्हणून माझी तक्रार मागे ठेवण्याबद्दल नाही. मागे ठेवून गप्प बसण्याबद्दल आहे. ‘शेजारी एकीची प्रकृती बिघडली आहे, तुमचं बाळ ठीक आहे, ठोके चांगले आहेत, आम्ही सहा वाजता पुन्हा बघू’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. यावर दुसरा आक्षेप येतो की प्रसूतीत नेमकी वेळ सांगताच येत नाही, आणि सांगितली आणि टळली तर नातेवाईक अंगावर येतात. तेही खरं आहे. पण बाळ कधी येईल हे सांगता न येणं वेगळं आणि पुढची तपासणी कधी होईल हे न सांगणं वेगळं. पहिलं कोणाच्याच हाती नसतं. दुसरं सिस्टरच्या वहीत लिहिलेलं असतं, किंवा असायला हवं. देहाचा विलंब कोणता आणि व्यवस्थेचा कोणता हे खाटेवरच्या बाईला ओळखता येत नाही. ज्याला ते कळतं त्यानेच बोललं पाहिजे, कारण तो बोलला नाही तर ती दोन्हीही विलंब स्वतःच्या शरीराचा दोष म्हणून सोसते.

तिसरा आक्षेप धार्मिक आहे आणि तो बहुधा घरातूनच येतो. प्रसूतीवेदना हे आईचं तप आहे, ते जितकं लांबेल तितकं पुण्य. आणि मुळात कळा औषधाने आणणं हाच देवाच्या वेळेत हस्तक्षेप आहे. उत्तरार्ध आधी घेऊ. रक्तदाब चढला, पाणी जाऊन बराच वेळ झाला किंवा ४१ आठवडे पूर्ण झाले, तर थांबण्यातला धोका कळा आणण्यातल्या धोक्याहून मोठा असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी कळा आणण्याची शिफारस करते. पावसाची वेळ देवाची म्हणून कोणी छप्पर शाकारायचं सोडत नाही. (केवळ रविवार मोकळा जावा किंवा मुहूर्त साधावा म्हणून कळा आणल्या जात असतील तर हा आक्षेप मी आनंदाने मान्य करतो.) तपाबद्दल गीतेचा सतरावा अध्याय स्पष्ट आहे : मूढ हट्टाने देहाला पीडा देऊन केलेलं तप तामस. शिवाय तप स्वीकारणाऱ्याने स्वीकारायचं असतं, दुसऱ्याने लादायचं नसतं. तासन्‌तास पाणीही न देता आडवं पाडून ठेवलेल्या बाईच्या नावावर पुण्य जमा करणारे आपण कोण? धोका नसलेल्या बाईला पाणी, हलकं खाणं आणि चालणं-फिरणं यांची मुभा द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहेच.

मग श्रद्धेचं इथे काही कामच नाही का? आहे, आणि मोठं आहे. कळ साधारण मिनिटभर टिकते आणि ओसरते. त्या मिनिटाला नामाची लय मिळाली तर श्वास सुटत नाही. पण वारकरी परंपरेत बाळंतपणाची जी कथा सांगतात तिच्यात देवाने याहून अधिक केलं आहे. संत चोखोबा घरी नव्हते, त्यांच्या पत्नीचे, सोयराबाईचे, दिवस भरले होते, घर गावकुसाबाहेरचं. विठ्ठल नणंदेच्या रूपात तिच्या घरी आला आणि त्याने तिचं बाळंतपण केलं. या कथेतला देव धीर धर असं सांगून थांबत नाही. तो पाणी तापवतो, जवळ बसतो, हात धरतो. कथेचा इतिहास म्हणून आग्रह मी धरत नाही. पण अडलेल्या बाईला काय लागतं, हे ती कथा रचणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि आजचा पुरावा त्यांच्याच बाजूने आहे. प्रसूतीत सतत कोणीतरी सोबत असण्याबद्दलच्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून अधिक बायकांचा, कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. सोबत असलेल्या बायकांच्या नैसर्गिक प्रसूती जास्त झाल्या, सिझर कमी झाले, कळांचा काळ थोडा आखूड झाला आणि अनुभवाबद्दलची कडवट आठवण कमी राहिली. यासाठी यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली, आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूमच्या गुणवत्तेच्या मोजमापात ती धरली. तरी आजही आई किंवा नणंद दाराबाहेर आणि बाई आत एकटी, हे दृश्य मावळातच काय, महाराष्ट्रात कुठेही नवल वाटण्यासारखं नाही. जागा नाही, दुसऱ्या बायकांची आडपडद्याची सोय नाही, ही कारणं खरी आहेत. पण पडदा आणि स्टूल या काही दुर्मिळ वस्तू नव्हेत.

म्हणून आंबी, वराळे, इंदुरीच्या घरांना एवढंच सांगणं आहे. ओटी भरण्याची तारीख ठरवता तेव्हाच, आठव्या महिन्यात, दवाखान्यात जाऊन विचारून घ्या : कळा आणायची वेळ आली तर कारण सांगाल का, पुढची तपासणी कधी हे प्रत्येक वेळी कळवाल का, खायला-प्यायला आणि चालायला द्याल का, आणि तिच्याजवळ आमच्यातली एक जण बसेल का. सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. गावातली भजनी मंडळं देवळाच्या कळसासाठी वर्गणी काढतात, त्यांनी एकदा त्या समितीला लेबर रूमसाठी पडदे आणि स्टुलं द्यावीत, आणि ती सोबतिणीसाठी वापरली जातात का हे वारीहून आल्यावर जाऊन पाहावं.